वयस्क कुत्र्याच्या चरबीच्या गाठी : फोंड्यातील एका पशुवैद्यकीय दवाखान्याचा अनुभव

आमच्या अकरा वर्षांच्या लॅब्राडॉरच्या, मोतीच्या, अंगावरील गाठींवर फोंडा शहरातील एका लहान खाजगी पशुवैद्यकीय दवाखान्यात उपचार झाले आणि पुढील देखरेखही तेथेच चालू आहे. या सेवेविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण म्हाताऱ्या कुत्र्याच्या कातडीखाली मऊ गाठ हाताला लागली की ‘चरबी असेल’ एवढ्यावर आपल्याकडे बहुतेक घरांत विषय संपतो. या दवाखान्यात तो तेथे संपत नाही, आणि माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

मोतीच्या अंगावर तीन गाठी होत्या : एक बरगड्यांवर, एक पुढच्या पायाच्या काखेत आणि एक अगदी लहान, कुशीवर. तिन्ही मऊ, बोटाखाली सरकणाऱ्या आणि दाबल्या तरी न दुखणाऱ्या होत्या. यापूर्वी आम्ही ज्या ठिकाणी जात होतो तेथे तिन्ही गाठी केवळ चाचपून ‘लायपोमा आहे, सोडून द्या’ असे सांगण्यात आले होते. लायपोमा म्हणजे चरबीच्या पेशींची निरुपद्रवी गाठ. मध्यमवय ओलांडलेल्या कुत्र्यांत, त्यातही लॅब्राडॉर आणि डोबरमन यांसारख्या जातींत व वजन वाढलेल्या जनावरांत ती फार आढळते, त्यामुळे तो अंदाज अवाजवी नव्हता. मात्र अंदाज म्हणजे निदान नव्हे. फोंड्यातील डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले, “काकी, बोटांना गाठ मऊ लागते एवढेच कळते. आत काय आहे ते सुईशिवाय सांगता येणार नाही.”

ही सुईतपासणी कशी होते ते थोडे विस्ताराने सांगते, कारण अनेकजण तिच्या नावानेच घाबरतात. भूल द्यावी लागत नाही. गाठीवरचे केस थोडे कापून, जागा स्पिरिटने पुसून, इंजेक्शनची साधी बारीक सुई गाठीत वेगवेगळ्या दिशांनी फिरवतात आणि सुईत आलेला अंश काचपट्टीवर पसरतात. मोती तेवढा वेळ मदतनिसाच्या हातून बिस्किटाचे तुकडे खात उभा होता. बरगड्यांवरील आणि काखेतील गाठींतून तेलकट, चकाकणारे थेंब आले, जे काचेवर वाळतच नाहीत. रंग देण्यापूर्वी काचपट्टी अल्कोहोलात बुडवतात तेव्हा त्यातील बरीचशी चरबी विरघळून जाते. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली काच जवळजवळ रिकामी दिसते आणि मोठ्या, पारदर्शक, केंद्रक कडेला सरकलेल्या काही पेशी तेवढ्या उरतात. डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकातून त्या दाखवल्या.

तिसरी, सर्वांत लहान गाठ मात्र निराळी निघाली. तिच्यातील पेशी गोल होत्या आणि जांभळ्या कणांनी गच्च भरलेल्या होत्या. ती मास्ट पेशींची, म्हणजे ॲलर्जीत भाग घेणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींची, गाठ होती. हा कुत्र्यांच्या कातडीत नेहमी आढळणारा कर्करोग आहे, आणि कातडीखाली वाढला तर तो हाताला हुबेहूब लायपोमासारखा लागू शकतो. ज्या गाठीकडे आम्ही सर्वांत कमी लक्ष देत होतो, तिलाच सर्वांत आधी लक्षाची गरज होती. एक सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण वाटाण्यापेक्षा, मोठी असलेली किंवा महिनाभर टिकून राहिलेली कोणतीही गाठ सुईने तपासावी, हा येथे पाळला जाणारा नियम मला त्यामुळे पूर्णपणे पटला.

याच संदर्भात गाठ विरघळवण्याच्या तेलांचाही उल्लेख करायला हवा, कारण ती दुकानांतही मिळतात आणि शेजारीपाजारी आपुलकीने सुचवतातही. वरून चोळलेल्या तेलाने कातडीखालची चरबीची गाठ जिरत नाही. आणि ती गाठ मास्ट पेशींची असेल, तर चोळल्याने त्या पेशींतील हिस्टामाइन हे सूज आणणारे रसायन बाहेर पडून गाठ लाल होते, सुजते आणि कुत्र्याला उलट्याही होऊ शकतात. तपासणीआधी कोणत्याही गाठीला मालीश करू नये, असे डॉक्टरांनी बजावले होते. हा सल्ला प्रत्येक घरापर्यंत पोहोचावा असे मला मनापासून वाटते.

शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना दवाखान्याने दाखवलेला संयम मला विशेष वाटला. बरगड्यांवरील गाठ आकाराने सर्वांत मोठी असूनही ती काढू नये असे डॉक्टरांनीच सांगितले, कारण तिचा मोतीला कसलाही त्रास नव्हता आणि म्हाताऱ्या कुत्र्याला भूल जितका कमी वेळ द्यावी लागेल तितके चांगले. काखेतील गाठीमुळे त्याचा पुढचा पाय बाहेर फेकला जात होता, म्हणून ती काढायची ठरली. कुशीवरची तर काढणे भागच होते. आधी रक्ताची पूर्ण तपासणी, मूत्रपिंड व यकृताची चाचणी, छातीचा एक्स-रे आणि हृदयतपासणी झाली. आपल्या दमट, उष्ण हवेत गोचिडांचा उपद्रव बारा महिने असतो आणि गोचिडांतून होणाऱ्या एर्लिकिया या जिवाणूच्या संसर्गात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घटतात, त्यामुळे प्लेटलेट पाहिल्याशिवाय येथे कोणत्याही कुत्र्यावर सुरी चालवत नाहीत. शस्त्रक्रियेत आधी काखेतील चरबीची गाठ काढली आणि मग हातमोजे व उपकरणे बदलून कुशीवरची, भोवतालची निरोगी दिसणारी कातडी आणि खालचा पडदा यांसह. दोन्ही गाठी फॉर्मलिनमध्ये बाहेरच्या प्रयोगशाळेकडे गेल्या. मास्ट पेशींची गाठ कमी श्रेणीची, म्हणजे कमी आक्रमक, असून तिच्या कडा स्वच्छ, म्हणजे कापलेल्या कडेवर कर्करोगाच्या पेशी नसल्याचा अहवाल आला, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

काखेची जखम लवकर मिटत नाही. गाठ काढल्यावर तेथे पोकळी राहते, प्रत्येक पावलाला ती हलते आणि आत पाणी साचते. मोतीलाही तसे झाले. ही शक्यता आम्हाला आधीच सांगितलेली असल्यामुळे धक्का बसला नाही, आणि साचलेले पाणी हळूहळू शरीरात जिरले. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन यांसारखी माणसांची वेदनाशामके चुकूनही देऊ नका, हे घरी जाताना दिलेल्या कागदावर सर्वांत वर, ठळक अक्षरांत लिहिले होते.

आहाराविषयी डॉक्टरांनी सांगितलेले येथे थोडक्यात देते. वजन उतरवल्याने तयार झालेली गाठ नाहीशी होत नाही, उलट अंग बारीक झाल्यावर ती अधिक उठून दिसू शकते. परंतु सांध्यांवरचा भार आणि भुलेचा धोका दोन्ही कमी होतात. आम्ही नारळाच्या रसातले हुमण आणि उकड्या तांदळाचा भात बंद करून मोजून दिलेले खाद्य सुरू केले.

आता उणिवा. प्रतीक्षेच्या जागेत कुत्री आणि मांजरे एकत्रच बसतात, आणि गुळगुळीत फरशीवर म्हाताऱ्या कुत्र्यांचे मागचे पाय घसरतात. तेथे रबरी चटया घालणे कठीण नाही. प्रयोगशाळेचा अहवाल लांबला तेव्हा दवाखान्यातून कोणी स्वतःहून कळवले नाही, आम्हालाच पुनःपुन्हा फोन करावे लागले. कर्करोगाच्या अहवालाची वाट पाहणाऱ्या घराला हा काळ किती जड जातो याची जाणीव ठेवली जावी. रात्री तातडीची सेवा नाही, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्रीसाठी दुसऱ्या डॉक्टरांचा क्रमांक आधीच मागून ठेवावा. खर्चाबाबत मात्र तक्रार नाही : तपासणी, भूल, शस्त्रक्रिया आणि प्रयोगशाळा यांचा अंदाज वेगवेगळा मांडून लेखी दिला गेला आणि अंतिम बिल त्याच्या जवळपासच राहिले.

प्रत्येक रुग्णासाठी येथे कुत्र्याच्या आकृतीचा एक छापील कागद ठेवतात. त्यावर प्रत्येक गाठीची जागा, कॅलिपरने मोजलेला आकार आणि तपासणीचा निष्कर्ष तारखेसह लिहितात. मोतीची बरगड्यांवरील गाठ दर भेटीत त्यावरच पडताळली जाते. ती भराभर वाढली, घट्ट झाली किंवा बुडाशी चिकटल्यासारखी लागली, तर पुन्हा सुई घालायची असे ठरले आहे. आम्हीही महिन्यातून एकदा, आंघोळ घालताना, डोक्यापासून शेपटीपर्यंत त्याचे अंग चाचपतो आणि नवे काही लागले तर त्या कागदाच्या आमच्याकडील प्रतीवर खूण करतो.

गाठींच्या तपासणीसाठी आणि कातडीखालच्या साध्या गाठींच्या शस्त्रक्रियेसाठी हा दवाखाना मी निःशंकपणे सुचवीन. परंतु काही लायपोमा स्नायूंच्या आत शिरतात. सुईतपासणीत त्या साध्या लायपोमासारख्याच दिसतात आणि त्यांचा खरा पसारा सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. ही सोय येथे नाही, आणि डॉक्टर ते स्वतःच सांगतात. ज्यांच्या कुत्र्याची गाठ मांडीत खोल, पसरट आणि न हलणारी असेल, त्यांनी येथे सुईतपासणी करून घ्यावी, त्या काचपट्ट्या आणि रक्ताचे अहवाल सोबत घ्यावेत आणि शस्त्रक्रियेसाठी सीटी स्कॅन असलेल्या मोठ्या रुग्णालयात जावे.