चालता चालता दम टाकणारी मोटरसायकल आणि तिचे दुखणे शोधणारे गॅरेज

माझी इंजेक्टरवर (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोटीवर) चालणारी, एका सिलिंडरची मोटरसायकल काही महिने एक विचित्र दुखणे घेऊन फिरत होती. पहिली वीस-पंचवीस मिनिटे ती नेहमीसारखी पळायची. नंतर चढावर किंवा मोकळ्या रस्त्यावर रेस वाढवली की ओढ हळूहळू कमी व्हायची, इंजिन घुसमटल्यासारखा आवाज करायचे आणि साठचा वेग बघता बघता चाळीसवर यायचा. एक्सलेटर थोडा सोडला की मात्र गाडी सावरायची, आणि कडेला दहा मिनिटे उभी केली तर काही झालेच नव्हते अशी पुन्हा पळायची. एकदा मोठ्या ट्रकला ओलांडताना, ऐन त्याच्या बरोबरीला आल्यावर, गाडीने दम टाकला. मागून येणाऱ्या वाहनाचा दिवा आरशात मोठा होत होता. मी ओलांडण्याचा विचार सोडून ट्रकच्या मागे आले, पण हे दुखणे आता अंगावर काढायचे नाही, हे त्याच क्षणी ठरले.

प्रथम गाडी एका अधिकृत सेवाकेंद्रात नेली. तिथे स्कॅनर जोडला, एकही फॉल्ट कोड, म्हणजे गाडीने स्वतः नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, आला नाही. स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली, आवारालगत पाच मिनिटांची चक्कर मारली आणि गाडी व्यवस्थित असल्याचे सांगून परत दिली. तिसऱ्या दिवशी तोच प्रकार. पुन्हा नेल्यावर ‘कोड येत नाही म्हणजे दोष नाही’ हेच उत्तर मिळाले. वीस मिनिटांनंतर दिसणारा दोष पाच मिनिटांच्या चकरेत कसा दिसणार, या माझ्या प्रश्नाला कोणाकडे उत्तर नव्हते. काढलेला जुना प्लगही त्यांनी फेकून दिला होता, आणि त्याची किंमत मला पुढे कळली.

ज्या गॅरेजबद्दल हा अभिप्राय लिहीत आहे, ते दोन माणसांचे लहानसे गॅरेज आहे. तिथल्या मेकॅनिकने गाडीला हात लावण्याआधी प्रश्न विचारले. “ओढ जाते तेव्हा इंजिनचे आरपीएम चढतात की उतरतात?” आरपीएम चढत असतील आणि वेग वाढत नसेल तर क्लचप्लेटा घसरत आहेत, माझे आरपीएम वेगाबरोबरच उतरत होते, त्यामुळे क्लच यादीतून गेला. “झटका बसून ताकद जाते की ओसरत जाते?” इग्निशन कॉइल किंवा एखादे कनेक्शन तापल्यावर दगा देत असेल तर बहुधा ताकद खटक्यासरशी तुटते आणि खटक्यासरशी परत येते, पेट्रोल कमी पडत असेल तर ती ओहोटीसारखी जाते. “एक्सलेटर सोडल्यावर बरे वाटते?” या तिसऱ्या प्रश्नाला मी हो म्हणाले, तेव्हा त्यांनी मान डोलावली. मग दोन्ही चाके उचलून हाताने फिरवली, कारण ब्रेक चिकटून राहिला तरी गाडी अशीच जड होते. ते ठीक निघाले.

पुढची तपासणी टाकीच्या झाकणाची. झाकणातील हवेचे बारीक छिद्र बुजले तर पेट्रोल कमी होईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल पुढे यायला कचरते. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हा दोष विशेष जाणवतो. त्रास सुरू होताच झाकण उघडल्यावर हवा आत ओढल्याचा फुसकारा ऐकू आला आणि गाडी लगेच सुधारली, तर दोष तिथेच. आमच्या गाडीत फुसकारा आला नाही. नवा प्लग त्यांनी काढून पाहिला: त्याची चिनीमाती हलक्या तपकिरीऐवजी पांढरट पडली होती, म्हणजे मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी होते. जुना प्लग हाती असता तर ही खूण कितीतरी आधी सापडली असती.

खरे निदान झाले ते दाबमापकाने. पंपाकडून इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळीत जोड घालून त्यांनी मापक बसवले आणि त्याची तबकडी टाकीवर नीट बांधली. इंजिन जागेवर चालू असताना काटा 3 बारवर (बार हे दाबाचे एकक) होता. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्येही एवढाच दाब दिला आहे. इथे कोणीही पंप चांगला आहे म्हणून मोकळा झाला असता. त्यांनी मात्र इंजिनवर भार यावा म्हणून मला मागे बसवले आणि काटा वाचत राहायला सांगितले. अर्धा तास चढाच्या रस्त्यावर फिरल्यावर ओळखीची घुसमट सुरू झाली आणि मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होते: काटा 2.6 वर आला, मग 2.2, मग 2 च्याही खाली. त्यांनी एक्सलेटर सोडला आणि काटा सावकाश वर सरकला. इतके महिने अंगाने जाणवत असलेली गोष्ट अशी डोळ्यांनी दिसली, तेव्हा मला खरोखर हायसे वाटले.

स्कॅनर गप्प का होता, हेही त्यांनी समजावून सांगितले. माझ्या मोटरसायकलीत पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सरच नाही. दाब कायम ठरल्याइतका आहे असे धरून इसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला छोटा संगणक, इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. इंजेक्टरमधून जाणारे पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. दाब 3 वरून 2 बारवर आला की ढोबळमानाने 18 टक्के पेट्रोल कमी मिळते, आणि इसीयूला त्याचा पत्ता नसतो. हलक्या रेसवर धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर ही तूट काही अंशी भरून काढतो, पण पूर्ण रेसवर इसीयू त्याचे ऐकत नाही, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे चालतो. म्हणून गावात फिरताना गाडी शहाणी आणि चढावर आजारी.

टाकीतून पंप बाहेर काढला तेव्हा त्याच्या तळाची जाळी तपकिरी गाळाने लिंपलेली होती. बोट फिरवल्यावर गंजाची बारीक, खरखरीत पूड हाताला लागली. पेट्रोलची मागणी वाढली की हा गाळ जाळीवर खेचून बसायचा आणि गाडी थांबली की बराचसा खाली पडायचा. दहा मिनिटांच्या विश्रांतीचे रहस्य एवढेच होते. जाळी बदलली, टाकी उतरवून आतून धुतली आणि पंपाने ठरावीक वेळात किती पेट्रोल ढकलले, ते मोजपात्रात घेऊन पाहिले. पंप शाबूत होता, म्हणून तो बदलला नाही. टाकी सतत तळाला जाईपर्यंत गाडी चालवू नका, असे त्यांनी बजावले. टाकीत बुडालेला पंप पेट्रोलनेच थंड राहतो.

या सेवेत उणिवाही आहेत. काम आधी वेळ घेऊनच होते आणि गाडी दोन दिवस सोडावी लागली. मूळ कंपनी जाळी सुटी देत नाही, अख्खा पंपच देते; त्यामुळे त्यांनी त्याच मापाची दुसरी जाळी बसवली, पण तिची वीण मूळ जाळीइतकी बारीक आहे का, याचे ठाम उत्तर त्यांना देता आले नाही. कामाची लेखी नोंद मागितल्यावरच मिळाली, आणि तीत दाबाचे आकडे नव्हते. ते मी माझ्या वहीत उतरवून ठेवले. पाचपैकी साडेचार गुण मी देते, आणि अर्धा गुण या नोंदीसाठीच राखून ठेवते.

हजार किलोमीटर झाल्यावर गाडी परत आणायला त्यांनी सांगितले होते. तेव्हा मापक जोडून आम्ही त्याच चढावर गेलो, पूर्ण रेसवरही काटा 2.9 च्या खाली आला नाही. जाळी उघडली, तर तिच्या कडेला चिमूटभर पूड होती. ती पुसून घेतली आणि पुढची तपासणी आणखी तीन हजार किलोमीटरवर ठेवली आहे.