रँक लिस्टचं पेड गायडन्स घेतलं, पाचपैकी दोन स्टार

नाव नाही सांगत, नागपुरातलीच एक कन्सल्टन्सी आहे, यूएस रेसिडेन्सीवाल्यांसाठी, म्हणजे तिथे स्पेशालिस्ट व्हायचं ट्रेनिंग घ्यायला जाणाऱ्या डॉक्टरांसाठी. मी मेडिकलची पासआउट, इमर्जन्सी मेडिसिनला अप्लाय केलं होतं, आठ इंटरव्ह्यू आले, बाहेरून येणाऱ्यांना या ब्रँचमध्ये आठ म्हणजे खूपच झालं बाप्पा, पण रँक लिस्ट, म्हणजे इंटरव्ह्यू झालेले हॉस्पिटलचे प्रोग्राम पसंतीच्या क्रमाने कसे लावायचे, यात मी अशी अडकले की १८,००० भरून यांचं पॅकेज घेतलं. तीन सेशन, एक एक्सेल शीट आणि व्हॉट्सॲप सपोर्ट.

चांगलं ते आधी. व्हिसाचं काम त्यांनी नीट केलं. कोण फक्त जे-वन देतं, कोण एच-वन-बी करतं आणि त्यासाठी स्टेप थ्री ही तिथली परीक्षा आधीच पास लागते, हे सगळं प्रोग्रामवाइज काढून दिलं, मला एकटीला आठवडा गेला असता. चहा पण चांगला होता. दोन स्टार त्याचेच.

घोळ लिस्टमध्ये. कन्सल्टन्सीचे सर म्हणाले, "बेटा, ज्यांनी इंटरव्ह्यूनंतर गोड मेल पाठवला ते वर टाक, मोठी नावं खाली, नाहीतर पहिला नंबर वाया जातो." आणि मी मान डोलावली नं! नीट पीजीच्या चॉइस फिलिंगपासून ही भीती आपल्या डोक्यात बसलेली असते, खरं तर तिथंही वरचा चॉइस नाही मिळाला तर कॉम्प्युटर खालचा बघतो, वाया काही जात नाही.

रात्री घरी मॅच, म्हणजे आमच्या आणि प्रोग्रामांच्या लिस्ट जुळवून जागा ठरवणं, नेमकी चालते कशी हे शोधून वाचलं तेव्हा ट्यूब पेटली. कॉम्प्युटर माझा पहिला नंबर घेतो, त्या प्रोग्रामच्या लिस्टमध्ये मी असेन आणि जागा असेल तर तात्पुरती धरून ठेवतो, नसेल तर दुसऱ्याकडे जातो. नंतर त्यांना माझ्यापेक्षा वरचा कोणी आला तर मी सुटते आणि माझ्याच यादीत पुढे सरकते. म्हणजे जे मनापासून पाहिजे ते वर टाकायचं, बस. आणि जिथे जायचंच नाही ते टाकायचंच नाही, कारण मॅच झालं की ते बंधनकारक. ही पद्धत आत्ताच्या रूपात आणणाऱ्या अल्विन रॉथला २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल आहे, आणि आमचे सर गोड मेल मोजत बसले. त्या मेलला काडीची किंमत नसते, प्रोग्रामवर त्याचं काहीच बंधन नाही.

मग शीट बंद केली आणि वही काढली. शीटमध्ये इंडियन ग्रोसरी किती दूर याचा कॉलम होता, त्याची टिंगल करत नाही, लागतं ते. पण रेसिडेंटला हात लावू देतात की नाही याचा कॉलमच नव्हता. इंटर्नशिपमध्ये फवारणीच्या सीझनला कॅज्युअल्टीत ड्युटी केलीय मी, विषबाधेचा पेशंट, दर थोड्या वेळाने ॲट्रोपिनचं इंजेक्शन, स्टेथो लावून छाती कोरडी झाली का ऐकायचं, चार्टवर टिक, पुन्हा ॲट्रोपिन, सकाळपर्यंत हेच. त्याच रात्री ठरलं होतं की हीच ब्रँच. म्हणून झूमवर तिथल्या रेसिडेंट्सना प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला, रात्री तीन वाजता पेशंटच्या श्वासनलिकेत ट्यूब कोण टाकतं, तुम्ही की ॲनेस्थेशियावाले? एका नावाजलेल्या ठिकाणी दोघं नुसतेच हसले. ते सातव्या नंबरला गेलं.

बाकी, तीन वर्षं की चार, लहान मुलांचे पेशंट तिथेच येतात की वेगळ्या हॉस्पिटलला पाठवतात, ॲडमिट झालेले पेशंट बेड मिळेपर्यंत कॉरिडॉरमध्ये किती वेळ पडून असतात, हेही विचारलं. आठवड्याच्या तासांवर वेळ घालवला नाही, इमर्जन्सीत पेशंट बघायचे आठवड्याला जास्तीत जास्त ६० तास असा या ब्रँचच्या सगळ्या प्रोग्रामांना सारखाच नियम आहे.

व्हॉट्सॲप सपोर्टबद्दल काय बोलू. लिस्टची मुदत तिथल्या रात्री नऊची, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात. क्रम बदलला तर लिस्ट परत सर्टिफाय, म्हणजे पक्की, करावी लागते का, हे मी रात्री एकला विचारलं. उत्तर आलं सकाळी अकराला, "गुड मॉर्निंग, येस." तोवर मी स्वतःच वाचून बटण दाबून मोकळी झाले होते, बाबा तर्री पोहे घेऊन आले होते आणि झालं का झालं का करत मागे उभे होते, पोहे पार थंड.

मार्चमधल्या त्या शुक्रवारी रात्री साडेनऊला रिझल्ट आला, माझ्या यादीतला तिसरा नंबर लागला. त्यांच्या शीटमध्ये तो सहावा होता. नऊ पन्नासला त्यांचा मेसेज, "काँग्रॅट्स, बॅनरसाठी फोटो पाठवा." मी माझ्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. ब्लू टिक आली, मग काही नाही.