‘स्त्रीपुरुषतुलना’ : कोणती प्रत घ्यावी, कशी वाचावी

ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध विकत घेताना आधी दोन गोष्टी बघा: टिपा आहेत का, आणि जुने अनुस्वार ठेवले आहेत का. बिनटिपांची प्रत स्वस्त पडते, पण ताराबाई एवढ्या कोणावर संतापल्या आहेत हेच तिच्यातून उलगडत नाही.

१८८१ मध्ये सुरतेच्या कोर्टाने विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली. अपिलात शिक्षा उतरली. या निमित्ताने ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्राने सगळ्या स्त्रीजातीलाच झोडपले. बुलढाण्याच्या ताराबाईंनी दिलेले उत्तर १८८२ मध्ये पुण्यात श्रीशिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती ५००, किंमत ९ आणे.

शीर्षकाखालच्या ओळीत स्त्रिया व पुरुष यांत ‘साहसी’ कोण, असा प्रश्न आहे आणि नवे वाचक तिथेच फसतात. हे साहस शौर्याचे नव्हे, बेदरकार दुष्कृत्याचे. संस्कृत कवी भर्तृहरीच्या एका श्लोकात स्त्रीला संशयांचा भोवरा, अविनयाचे घर, साहसांचे नगर म्हटले आहे. ताराबाई त्यातला एकेक आरोप उचलतात आणि पुरुषांच्याच पदरात टाकतात. हा श्लोक अर्थासह टिपांत नसेल तर प्रत परत ठेवा.

अनुस्वारांचेही तसेच. ‘तीं’ हे नपुंसकलिंगी अनेकवचन. टिंब काढले की एकटी ‘ती’ उरते आणि वाक्य कोणाबद्दल आहे ते कळेनासे होते. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये हा विस्मृतीत गेलेला निबंध पुन्हा उजेडात आणला. त्यांची आवृत्ती ग्रंथालयात मिळाली तर आपली प्रत तिच्याशी ताडून पाहावी.

वाचायचा तो मोठ्याने. वाक्ये लांब, एकात एक गुंतलेली. डोळ्यांनी वाचताना दमछाक होते, आवाजात मात्र ती समोरच्या पुरुषाला उभे करून विचारल्यासारखी येतात. नवरा मेल्यावर बायकोने केस उतरवायचे, तर बायको मेल्यावर तुम्ही दाढीमिशा उतरवून रानात का जात नाही? दहाव्यालाच दुसरी कशी आणता? हा भाग वाचताना घाई करू नये. सभा भरवून भाषणे ठोकणाऱ्या सुधारकांनाही त्या सोडत नाहीत.

मधला भाग मात्र रेंगाळतो. पुराणकथा आणि ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या तेव्हाच्या कादंबऱ्या यांची उलटतपासणी आज संदर्भ लावल्याशिवाय पोचत नाही. पहिल्या वाचनात ती पाने ओलांडली तरी चालेल. प्रस्तावना मात्र वगळू नका: मराठमोळ्याच्या घरकैदेतली बाई पहिल्यांदाच लिहिते आहे, हे त्या तिथेच सांगतात.

मुलींच्या शाळांची मागणी शोधायला हा निबंध घेऊ नये. ताराबाईंना घरीच शिकवले ते वडील बापूजी हरी शिंदे यांनी, सत्यशोधक समाजाच्या सभासदाने. शिक्षणाची थेट हाक हवी तर सावित्रीबाईंचे ‘काव्यफुले’ (१८५४) आणि फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा ‘ज्ञानोदय’ नियतकालिकातला १८५५ चा निबंध जोडीला घ्या. जोतीरावांनी १८८५ मध्ये आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली; तो मजकूर परिशिष्टात असलेली प्रत मिळाली तर दोन पैसे जास्त मोजायला हरकत नाही.

परदेशात वाढलेल्या, मराठी वाचता न येणाऱ्या मुलींसाठी रोझालिंड ओ’हॅन्लन यांचा १९९४ चा इंग्रजी अनुवाद आहे, प्रदीर्घ प्रस्तावनेसह.