चेरी श्रिम्पसाठी नळाचं पाणी की आरओ? दोन्ही वापरून झाल्यावर

श्रिम्प (गोड्या पाण्यातली शोभेची छोटी कोळंबी) पाळायला टँक लावायचाय पण पाणी कुठलं घेऊ, साधं नळाचं की आरओ (प्युरिफायरने क्षार काढलेलं) घेऊन त्यात मिनरल्स घालू, हा प्रश्न मलाही पडला होता. मी दोन्ही करून पाहिलंय, पहिलं दीडेक वर्ष नळाचं आणि त्यानंतर आजपर्यंत आरओ. टँक तोच, ६० लिटरचा, स्पंज फिल्टर, भरपूर मॉस आणि साध्या लाल चेरी श्रिम्प. टँक सायकल झालेला आहे (फिल्टरमध्ये घाण पचवणारे जिवाणू वाढलेले आहेत), अमोनिया-नायट्राइट शून्य आहे हे धरून चालतो, ते नसेल तर कुठलंच पाणी उपयोगाचं नाही.

आधी नळाची बाजू सांगतो. चेरी लोक समजतात तेवढी नाजूक नाही. जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा) ६ ते ८, केएच (पीएच स्थिर ठेवणारे कार्बोनेट) २ ते ५, पीएच साडेसहापासून आठपर्यंत, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) १५० ते २५०, यात ती मजेत राहते आणि थोडं इकडेतिकडे झालं तरी सांभाळून घेते. मी वाकडला राहतो, महापालिकेचं पवनेचं पाणी येतं, पावसाळ्यानंतर माझ्या मीटरवर ते १३०-१४० दाखवायचं. बादली भरायची, एअरस्टोन लावून एक दिवस ठेवायची, क्लोरीन उडून जातं (क्लोरामाइन असेल तर ते असं उडत नाही, त्याला डीक्लोरिनेटर म्हणजे ते मोडणारं औषधच हवं) आणि टँकमध्ये हळूहळू सोडायचं, खर्च काहीच नाही. पहिल्या थंडीत दहा-बारा श्रिम्पच्या साठ-सत्तर झाल्या, जिकडे बघावं तिकडे पोटाशी अंडी धरलेल्या माद्या. तेव्हा मला कोणी आरओ घे म्हणालं असतं तर मी ऐकलंच नसतं.

मग मार्च आला. नेहमीसारखं पाव टँक पाणी बदललं, दुसऱ्या दिवशी दोन मेलेल्या, तिसऱ्या दिवशी पाच, आणि बहुतेकींच्या मानेशी तो पांढरा पट्टा, म्हणजे कवच पूर्ण गोल फाटलंय पण श्रिम्पला त्यातून बाहेर निघताच आलेलं नाही. अमोनिया बघितला, शून्य. शेवटी बादलीतलं उरलेलं पाणी मोजलं तर टीडीएस ४८०. खाली वॉचमन काकांना विचारलं तेव्हा कळलं की सोमवारपासून टँकर सुरू झालाय आणि बोअरही जोडलाय, सगळं एकाच टाकीत. दिसायला पाणी तेच, वास तोच, चवीत मला तरी फरक कळला नाही. पुढच्या आठवड्यात मोजलं तर २१०, त्याच्या पुढच्या आठवड्यात परत ४६०.

माझ्यासाठी निर्णय इथेच झाला. पाणी जड आहे ही माझी तक्रार नाहीये, ३०० ला रुळलेल्या चेरी ३०० ला छान वाढतात. तक्रार ही आहे की ते न सांगता बदलतं. श्रिम्प कात टाकते तेव्हा अंगात पाणी ओढून फुगते आणि जुनं कवच मानेमागे चिरतं, नवं कवच आत तयार लागतं. पाण्यातले क्षार एकदम बदलले की ती तयारी व्हायच्या आधीच कात टाकायला जाते, असं मुरलेले पाळणारे सांगतात, आणि माझ्या टँकमध्ये मार्च ते मे जे झालं ते बघता मला ते पटतं. साठ-सत्तरच्या जूनपर्यंत चौदा उरल्या.

आता आरओ. कटकट आहे, ते मान्य. घरच्या प्युरिफायरचं पाणी सरळ ग्लासात घेतो तसं घेऊन चालत नाही, कारण बऱ्याच मशिनमध्ये शेवटी मिनरल कार्ट्रिज असतं आणि हल्ली कॉपरचंही असतं, आणि कॉपर श्रिम्पसाठी विष आहे. माझ्या मशिनमध्ये ते होतं. मेकॅनिककडून क्षार गाळणाऱ्या मेंब्रेननंतर पण त्या कार्ट्रिजच्या आधी एक टी (तीन तोंडांचा जोड) टाकून छोटा कॉक काढून घेतला, दहा मिनिटांचं काम. हे न करता कोणी घरचं आरओ वापरत असेल तर प्लीज एकदा मशीन उघडून बघा. टीडीएस अॅडजस्ट करायचा स्क्रूही बघा, तो उघडा असेल तर कच्चं पाणी मिसळतंच.

निघालेलं पाणी १०-१५ टीडीएसचं येतं, ते तसंच टँकमध्ये कधीच बदलायला घालू नका, त्यात ना जीएच ना केएच, पीएच कुठेही घसरतो. २० लिटरच्या बादलीत जीएच-केएच दोन्ही असलेली श्रिम्पची मिनरल पावडर, ढवळायचं, मीटरवर २०० आलं की थांबायचं. रविवारचा अर्धा तास जातो. पावडरचा एक डबा मला वर्षभर पुरतो. वाया जाणारं पाणी फरशी पुसायला आणि संडासात, ते मनाला लागतंच, खास करून टँकरच्या दिवसांत.

पण एक फायदा मला आधी लक्षात आला नव्हता. उन्हाळ्यात टँकवर पंखा लावावाच लागतो, कारण तिशीच्या वर तापमान गेलं की कुठलंही पाणी असू दे, ऑक्सिजन कमी पडतो. पंख्याने रोज लिटरभर तरी पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात. नळाचं पाणी वरून भरत राहिलं की महिन्याभरात टीडीएस चढलेलाच. आरओ असेल तर वाफेची भर बिनमिनरलच्या कोऱ्या पाण्याने घालायची, आकडा जागच्या जागी. मे महिन्यात माझा टँक १९५ ते २१० मध्ये राहिला, आणि मानेचा तो पट्टा त्यानंतर मी क्वचितच पाहिलाय.

क्रिस्टल रेड वगैरे कॅरिडिना (श्रिम्पचाच दुसरा, जास्त नाजूक प्रकार) पाळायच्या असतील तर हा प्रश्नच उरत नाही, त्यांना केएच जवळजवळ शून्य आणि पीएच सहाच्या आसपास लागतो, आरओ आणि अॅक्टिव्ह सॉइल (पीएच खाली धरून ठेवणारी तळाची माती) हेच. उलट मुंबईत तलावाचं पाणी मुळातच हलकं असतं आणि बिल्डिंगला टँकर लागत नसेल तर त्यात थोडी मिनरल पावडर घालून नळाचं पाणी कदाचित पुरेसं होईल, माझ्या मावसभावाच्या दादरच्या टँकमध्ये तसंच चाललंय आणि चांगलं चाललंय. बदामाचं वाळलेलं पान मात्र दोन्ही पाण्यांत टाका, त्यावर दिवसभर चरत बसतात.

तुमचं ठरत नसेल तर श्रिम्प आणायच्या आधी तीन आठवडे रोज सकाळी नळाचं पाणी मीटरवर मोजून कॅलेंडरवर लिहा, जमल्यास एप्रिल-मेमध्येच. आकडा तीस-चाळीसच्या आत हलत असेल तर नळाचं वापरा. माझ्या कॅलेंडरवर त्या मे महिन्यात सगळ्यात कमी १८०, सगळ्यात जास्त ५४० लिहिलेलं आहे.