बॉनेटखाली मावणारा इनटेक मॅनिफोल्ड: बुटका, मध्यम की उंच?

शेव्हरोलेचे स्मॉल-ब्लॉक व्ही-८ इंजिन १९५५ मध्ये आले आणि त्याच्यासाठी इतके इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये तयार झालेले हवा-इंधनाचे मिश्रण सिलिंडरपर्यंत नेणारे भाग, निघाले की निवड करणारा गोंधळून जातो. त्यातही गाडी १९६८ ते १९८२ या काळातली कॉर्व्हेट असेल, तर तिच्या उतरत्या बॉनेटखाली जागा इतकी बेताची असते, की अश्वशक्तीच्या आकड्यांआधी उंचीचा हिशेब मांडणेच शहाणपणाचे ठरते. एडलब्रॉक या कंपनीचे परफॉर्मर, परफॉर्मर आरपीएम आणि व्हिक्टर ज्युनिअर हे तीन नमुने त्या दृष्टीने शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत.

कॅटलॉगमध्ये उंचीचे दोन आकडे दिलेले असतात, एक पुढचा आणि एक मागचा. इंजिन गाडीत किंचित मागे झुकलेले बसते आणि कार्ब्युरेटर मात्र सपाट राहावा लागतो, म्हणून त्याची बैठक मागच्या बाजूला उंच ठेवलेली असते. एका मॅनिफोल्डचा पुढचा आकडा दुसऱ्याच्या मागच्या आकड्याशी ताडून पाहिला, तर तब्बल एक इंचाची फसगत होऊ शकते.

परफॉर्मर हा तिघांत बुटका. त्याचे काम आयडलपासून (इंजिन नुसते सुरू असतानाच्या वेगापासून) ५५०० आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेरे) चालते. तो ड्युअल-प्लेन प्रकारचा आहे, म्हणजे कार्ब्युरेटरखालची पोकळी दोन भागांत विभागलेली असते, प्रत्येक भाग चार सिलिंडरना हवा-इंधन पुरवतो आणि लागोपाठ पेटणारे सिलिंडर आलटून पालटून दोन्ही भागांतून ओढतात. लांब, अरुंद वाटांमुळे कमी वेगातही मिश्रणाचा प्रवाह जोरात राहतो आणि ॲक्सिलरेटरला गाडी लगेच साथ देते. मूळ कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि साधा गिअर रेशो असलेल्या गाडीला यापेक्षा अधिक काही लागते, असे मला वाटत नाही.

परफॉर्मर आरपीएमही ड्युअल-प्लेनच, पण १५०० ते ६५०० आरपीएमसाठी घडवलेला आणि सुमारे अर्धा इंच उंच. कॅम थोडा तिखट असेल आणि सिलिंडर हेड चांगले असतील, तर हा अर्धा इंच वसूल होतो. नसतील तर तो केवळ बॉनेटला टेकण्याच्या कामी येतो. याच्याच एअर-गॅप आवृत्तीत रनर (मिश्रण नेणाऱ्या नळ्या) आणि खालचे इंजिनातले गरम तेल यांच्यामध्ये मोकळी जागा सोडलेली असते, त्यामुळे मिश्रण थंड व दाट राहते. उंचीत मात्र फरक नाही. एक्झॉस्टची उष्णता कार्ब्युरेटरखाली आणणारी वाट तिच्यात नसल्याने थंड हवेत इंजिन सुरळीत चालायला अधिक वेळ घेते, हे रोजच्या वापराच्या गाडीसाठी लक्षात घ्यावे.

व्हिक्टर ज्युनिअर हा सिंगल-प्लेन. सगळे रनर एकाच पोकळीतून निघून सरळ सिलिंडर हेडच्या पोर्टमध्ये (तोंडांत) उतरतात, म्हणून त्याची उंचीही जास्त. आणि त्याचा खरा जोर ३५०० आरपीएमच्या पुढे. रस्त्यावर चालवायच्या गाडीत तो बसवणे म्हणजे जे वेग क्वचितच गाठायचे, त्यांच्यासाठी रोजचा टॉर्क सोडून देणे होय.

मॅनिफोल्ड ही या चळतीतली फक्त पहिली पायरी आहे. तिच्यावर स्पेसर (उंची वाढवणारी चकती), कार्ब्युरेटर, एअर क्लीनरचा तळ, फिल्टर, झाकण आणि सर्वांत वर झाकण आवळणारा विंग नट. बैठकीची छिद्रे कार्ब्युरेटरशी जुळत नाहीत म्हणून मध्ये ॲडॉप्टर घातला, की मॅनिफोल्डमध्ये वाचवलेली उंची तिथेच गेली. गाडीचा मूळचा क्वाड्राजेट कार्ब्युरेटर ठेवायचा असेल, तर त्याच्याच मांडणीचा मॅनिफोल्ड घ्यावा. खोलगट तळाचा एअर क्लीनर साधारण इंचभर जागा देतो, पण तो इंधनाच्या नळीला, चोकला किंवा एचईआय (जनरल मोटर्सची इलेक्ट्रॉनिक इग्निशन) डिस्ट्रिब्युटरच्या रुंद टोपीला अडतो का, हे आधी पाहावे. शिवाय झाकण कार्ब्युरेटरच्या तोंडाशी फार जवळ आले तर हवाच कोंडते.

मोजणी जुन्या मॅनिफोल्डवरच करता येते. एअर क्लीनरच्या झाकणावर, कडेला आणि नटवर प्लॅस्टिसिनचे उंच गोळे ठेवावेत, बॉनेट हलक्या हाताने पूर्ण बंद करून उघडावे आणि दबलेला प्रत्येक गोळा चाकूने उभा कापून जाडी मोजावी. कडेचा गोळा वगळू नये, कारण बॉनेटचा उतार बहुधा तिथेच आडवा येतो. सर्वांत कमी जाडीतून नव्या मॅनिफोल्डची जादा उंची वजा केल्यावर किमान पाऊण इंच, शक्यतो एक इंच उरला पाहिजे. जोर लावताना इंजिन रबरी माउंटवर एका बाजूने वर उचलले जाते, त्यासाठी ही मोकळीक. माउंट तुटून इंजिन उचलले जात असे आणि थ्रॉटल ओढला जात असे, म्हणून जनरल मोटर्सला १९७१ मध्ये सुमारे ६७ लाख शेव्हरोले गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. तेव्हा मोजण्यापूर्वी माउंट तपासावेत. खचलेल्या माउंटवर घेतलेले माप नवे माउंट बसताच खोटे ठरते.

बोल्टची मांडणीही जुळायला हवी: व्होर्टेक या नव्या धाटणीच्या सिलिंडर हेडना आठ बोल्ट लागतात, जुन्या हेडना बारा, आणि १९८७ पासूनच्या जुन्या धाटणीच्या लोखंडी हेडवर मधल्या बोल्टचा कोन बदललेला आहे.

माझा कौल साध्या इंजिनासाठी परफॉर्मरला आणि मोजणीत जागा निघाली तरच आरपीएमला. उंच मॅनिफोल्ड हवाच असेल, तर १९७० च्या एलटी-१ कॉर्व्हेटला कारखान्यातूनच फुगवट्याचे बॉनेट होते. त्या धर्तीचे दुसरे बॉनेट घ्यावे आणि मूळचे न कापता गुंडाळून ठेवावे.