शाफ्ट आणि कॉफी, परत एकदा डिस्कवर

रविवारी राजारामपुरीत मित्राकडं तांबडा-पांढरा हाणून दोन जुन्या अमेरिकन पिक्चरच्या ब्लू-रे डिस्क लावल्या, 'शाफ्ट' (१९७१) आणि 'कॉफी' (Coffy, १९७३). शाफ्टची गोष्ट साधीच, मधे रेंगाळतोय बी, पण हिरो रिचर्ड राउंडट्री लेदरचा कोट घालून न्यूयॉर्कच्या रस्त्यावरनं चालत येतोय आणि मागं आयझॅक हेजचं ते गाणं, ऑस्कर काय उगाच मिळालं न्हाई राव, स्पीकर मात्र चांगला पाहिजे. कॉफी तर नाद खुळा! पॅम ग्रिअर नर्स, बहिणीला ड्रग्जला लावणाऱ्यांना एकेक करून उडवते, केसात ब्लेडं लपवून मारामारी, आपल्याकडं तेव्हा हिरोइनी झाडामागं पळत होत्या. प्रिंट स्वच्छ, जुना ग्रेन (फिल्मचा बारीक दाणा) ठेवलाय ते बरं केलं. डबा मात्र फुटका आला आणि विकणारा फोनच उचलंना. पोरांसमोर लावू नका.