झोटीची पेढी आणि मुझिनाची संस्था: 'क्रॉनिकलिंग अमेरिका' कितपत कामाचं?

फ्रँक झोटी न्यूयॉर्कहून 'नारोद्नी लिस्ट' हे क्रोएशियन वृत्तपत्र काढायचा, बोटीची तिकिटं विकायचा आणि पेढीही चालवायचा. वाचक, गिऱ्हाईक आणि ठेवीदार बहुधा एकच माणूस! 1908 मध्ये पेढी बुडाली. अशा माणसाचा माग ठाण्यात बसून काढायचा, तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं 'क्रॉनिकलिंग अमेरिका' हे जुन्या अमेरिकन वृत्तपत्रांचं संकेतस्थळ आधी उघडावं. वर्गणी नाही, लॉगिन नाही. पानाचं चित्र, यंत्राने वाचलेला मजकूर आणि पीडीएफ, तिन्ही फुकट.

झोटीसाठी राज्य न्यूयॉर्क आणि साल 1908 लावा, नाव जोडीने अवतरणात टाका. त्या वर्षीचे 'ट्रिब्यून', 'सन', 'ईव्हनिंग वर्ल्ड' इथे आहेत. वृत्तपत्र आणि पेढी एकाच हातात असताना त्याच्याच वृत्तपत्रातून खरं चित्र कसं मिळणार? म्हणून इतरांची वृत्तपत्रं आधी वाचावीत. फक्त 'क्रोएशियन' हा शब्द शोधत बसू नका. क्रोएशिया तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत होता, त्यामुळे बातमीदार सर्रास 'ऑस्ट्रियन', 'हंगेरियन' किंवा नुसतं 'स्लाव्ह' लिहून मोकळे होतात.

खरी डोकेदुखी यंत्रवाचनाची. पानं मायक्रोफिल्मवरून घेतलेली, शाई पसरलेली. झोटीतला शेवटचा 'आय' हमखास 'एल' होतो. क्रोएशियनमध्ये सी, एस, झेडवर खुणा असतात, त्या गळतात किंवा तिथे भलताच आकडा येतो. रकान्याच्या कडेला तुटलेला शब्द दोन तुकड्यांत जातो, मग पूर्ण शब्दाला उत्तर शून्य. नाव खुणांशिवाय, मग अर्धंच टाकून बघा. शून्य आलं म्हणजे बातमी नव्हती असं नाही.

झ्द्रावको मुझिनाचा माग काढणं जास्त चिवट. याने 1894 मध्ये पिट्सबर्गला 'दानित्सा' हे क्रोएशियन वृत्तपत्र काढलं आणि त्याच वर्षी 2 सप्टेंबरला शेजारच्या ॲलेगेनी शहरात क्रोएशियनांची परस्पर-साहाय्य संस्था उभी राहिली, आजची क्रोएशियन फ्रॅटर्नल युनियन. इथे दोन खड्डे आहेत. ॲलेगेनी 1907 पर्यंत वेगळं शहर होतं, तेव्हा गावाचं नाव दोन्ही प्रकारे द्या. दुसरं, 1891 ते 1911 पिट्सबर्गच्या अधिकृत इंग्रजी स्पेलिंगमधून शेवटचा 'एच' काढून टाकला होता; 'एच'सकट शोधलंत तर नेमकी हवी ती वर्षं निसटतील. इतकं करूनही इंग्रजी दैनिकांत मुझिना फारसा भेटेल ही अपेक्षा ठेवू नका. खाणीतल्या आणि पोलादाच्या कारखान्यातल्या परदेशी मजुरांच्या सभेला कोण बातमीदार जाणार?

मोबाइलवर पान मोठं करताना चित्र अडखळतं, लोकलमध्ये तर नादच सोडा. पीडीएफ आधी उतरवून घ्या. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे अख्खं पान ए-4 वर काढलंत तर भिंग लागेल. हवा तो रकाना कापून ए-4 वर घ्या, पूर्ण पान हवंच असेल तर ए-3. उतरवलेल्या फाइलला नाव म्हणून नुसता क्रमांक येतो, तेव्हा वृत्तपत्राचं नाव, तारीख आणि पान लगेच घालून ठेवा, नाहीतर दहा पानांनंतर कुठलं कुठलं ते कळणार नाही.